कुलूप उघडा, शिडी मी आणतो

बेळगावच्या बाजारातल्या जुन्या हॉटेलच्या मालक मंडळींना आणि शहराच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

स. न. वि. वि.

गेल्या मंगळवारी हॉटेलच्या मोठ्या दारावर कागद डकवलेला बघितला. इमारत धोकादायक आहे, आत जाऊ नये. वर कन्नडमध्ये, खाली इंग्रजीत. (मराठीत नाही, पण तो आजचा विषय नव्हे.) डकवणाऱ्याने कागद नेमका त्या पितळी कडीच्या वर लावलाय. दर मे महिन्यात माझे वडील ती कडी वाजवायचे आणि आतून मॅनेजर ओरडायचे, "आले काय कौलवाले? मग पाऊस जवळ आला म्हणायचं की!" आता बाजारात बोलणं असं आहे की दिवाळीच्या आत इमारत उतरवणार आणि तिथं कॉम्प्लेक्स येणार, खाली पार्किंग, वर गाळे. बोलणं खोटं असेल तर हे पत्र फाडून टाका. खरं असेल तर शेवटपर्यंत वाचा, एवढीच विनंती.

हॉटेलचं नाव आणि गल्ली मी लिहीत नाही. भावाभावांची केस कोर्टात आहे, त्यात तेल ओतायचं नाही मला. बाजारात वावरणाऱ्याला नाव लागणारही नाही. आपल्याकडे हॉटेल म्हणजे चहा, भजी, पुरीभाजी. राहायचं असेल तर ते लॉज. पण ह्या एका इमारतीला तीन पिढ्या नुसतं 'हॉटेल' म्हणत आल्या. टांगेवाल्याला आणि पुढं रिक्षावाल्याला 'हॉटेलाजवळ' म्हटलं की तो दुसरा प्रश्न विचारत नसे.

मी कोण, हे सांगायला हवं. माझे वडील शाकारणी करायचे. मिरगाच्या आधी छपरावर चढून कौलं परतायची, फुटकी काढायची, कुजक्या रिपा, म्हणजे कौलांखालच्या आडव्या पट्ट्या, बदलायच्या, आढ्यावरचे कोने, म्हणजे माथ्याची कौलं, चुन्यात पक्के बसवायचे आणि शेवटी पाणी वाहून नेणारी पन्हळ साफ करायची. काम एवढंच, पण ते दरवर्षी. ह्या हॉटेलचं छप्पर त्यांनी एकवीस पावसाळे सांभाळलं. मी दहा वर्षांचा असताना त्यांनी मला कमरेला दोर बांधून पहिल्यांदा वर नेलं. "पाय रिपेवर पडू दे, कौलाच्या मधे नको." मंगळुरी कौल दिसायला दणकट, पण मधोमध वजन दिलं की ताडकन जातं. एक कौल दुसऱ्यावर जिथं चढतं, तिथं खाली रीप असते, तिथं पाय द्यायचा. पोरगा म्हणून मला त्यात अर्धा खेळ वाटायचा. वर पोचलो आणि मागं वळून बघितलं तर एका अंगाला किल्ल्याची झाडी, दुसऱ्या अंगाला स्टेशनातल्या इंजिनाचा धूर, आणि मधे पार शहापूरपर्यंत नुसती लाल कौलं. बेळगाव एवढं मोठं आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

नंतर मी त्या धंद्यात राहिलो नाही. हार्डवेअरचं छोटं दुकान टाकलं. कौलं संपत गेली, पत्रे आणि स्लॅब आले, आणि खोटं कशाला बोलू, पत्रे मीही विकले. तेव्हा मी कोणी वारसा जपणारा विद्वान नाही. पण ते छप्पर मी पोटातून बघितलंय. त्यावर बोलायचा थोडा हक्क मला आहे, असं मी समजतो.

हॉटेलच्या बाजूने बोलणारे लोकही काय काय सांगत असतात, ते आधी निस्तरतो. ही इमारत 1865 ची आहे असं छातीठोक सांगणारे बरेच भेटतात. आकडा कुठून आला ते मला ठाऊक आहे. कौल उलटं केलं की पाठीवर ठसा दिसतो: बासेल मिशन टाइल वर्क्स, आणि 1865. ते वर्ष कारखान्याचं. त्या वर्षी प्लेब्स्ट नावाच्या जर्मन मिशनऱ्याने मंगळुरात नेत्रावतीच्या काठी, तिथल्या मातीवर पहिला कारखाना काढला, आणि पुढं कितीतरी वर्षं निघालेल्या कौलांवर तोच आकडा उठत राहिला. त्यामुळं 1865 म्हणणारे चुकतात. पण ठसा एक गोष्ट मात्र सांगतो. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने ह्या मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि मग ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. मिशनच्या नावाचं कौल म्हणजे त्याच्या आधीचा माल. छप्पर शंभरी ओलांडलेलं आहे, हे माझ्यापुरतं पक्कं.

दुसरी गोष्ट गांधीजींची. 1924 च्या डिसेंबरात टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गांधीजी अध्यक्ष झाले ते आयुष्यात तेवढं एकदाच, आणि त्या वेळी ते ह्याच हॉटेलात उतरले होते, असं एका सद्गृहस्थांनी मला डोळे मिटून सांगितलं. नव्हते हो उतरले. इथले काँग्रेसचे पुढारी गंगाधरराव देशपांड्यांनी अधिवेशनासाठी विजयनगर म्हणून अख्खी वसाहत उभी केली, पाण्यासाठी विहीर खणली, ती काँग्रेस विहीर आजही आहे, आणि गांधीजी तिथल्या कुटीत राहिले. त्यांना हॉटेल काय करायचं होतं? पण ह्या थापेमागची भीती मला समजते. रिसालदार गल्लीतलं भाट्यांचं घर राहिलं, कारण 1892 मध्ये विवेकानंद तिथं मुक्कामाला होते. कोणीतरी थोर माणूस झोपून गेल्याशिवाय आपल्या गावात खोली वाचत नाही, हे लोकांनी ओळखलंय. म्हणून ते थोर माणूस शोधत बसतात.

ह्या हॉटेलात कोण झोपलं ते मी सांगतो. औषध कंपन्यांचे, सुताचे, बांगड्यांचे फिरते विक्रेते. नाटक कंपन्यांची मंडळी, ती दुपारी बारापर्यंत उठायची नाहीत आणि त्यामुळं छपरावर हातोडी चालवायला आम्हाला बंदी असायची. मिरजेला गाडी बदलून मीटर गेजने रात्री-बेरात्री येणारी मुंबईची माणसं. गोव्याला जाणारी कुटुंबं. आणि एक जमात अशी, जी खोलीत कधी राहिलीच नाही. मराठा रेजिमेंटल सेंटरमध्ये कसम परेड असली की आदल्या संध्याकाळी सातारा, कोल्हापूर, कुठून कुठून आईबाप यायचे. पोरगा शिपाई होणार, तो सोहळा बघायला. डोक्याला पटका, हातात पिशवी, पिशवीत भाकरी. हॉटेलची खोली त्यांना परवडणारी नव्हती. मॅनेजर त्यांना पुढच्या व्हरांड्यात सतरंज्या घालून द्यायचे, पैसे घ्यायचे नाहीत, पण सकाळी साडेपाचला उठवायचे म्हणजे उठवायचे, कारण सहाला मालक यायचे. मालक मंडळींनो, तुमच्या आजोबांना हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. ते सहाच्या आधी कधी आले नाहीत, एवढं मात्र खरं.

मॅनेजरांच्या मागच्या लाकडी कपाटात मुक्कामाची रजिस्टरं होती. नाव, गाव, कुठून आले, कुठे जाणार, सही. पावसाने काम थांबलं की मी ती चाळायचो. 1956 च्या नोव्हेंबरात आपण मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, तेव्हा पानाच्या माथ्यावरचं छापील 'मुंबई' निळ्या शाईने खोडून वर 'म्हैसूर' लिहिलेलं होतं, पानापानावर, एकाच वळणाच्या अक्षरात. कारकुनाला किती दिवस लागले असतील कोण जाणे. 1973 ला राज्याचं नाव कर्नाटक झालं तेव्हा त्याच मॅनेजरांनी 'म्हैसूर'वर रबरी शिक्का मारला. खोडायचा कंटाळा आला म्हणाले.

आता तक्रारींकडे येतो.

कागदावर 'धोकादायक' लिहिलंय. असेलही. मीही सज्जाखाली उभा राहत नाही आता. पण धोका आला कुठून? छप्पर जुनं झालं म्हणून पडत नाही, ते पाण्याने पडतं, आणि पाणी कुठून शिरलं ते मी बोट ठेवून दाखवतो. उत्तरेकडची पन्हळ तुंबली. पाला, कबुतरांची घरटी, मग त्यात माती, मग पिंपळ. आढ्याचं पाणी वळचणीला यायचंच, पण वळचणीला वाट नसेल तर ते उलटं भिंतीत जातं. वाशाचं टोक जिथं भिंतीत बसलेलं असतं, तिथं वारा लागत नाही, ते आधी कुजतं. बाकीचा वासा ठणठणीत. टोक बसलं की रीप कलते, रीप कलली की कौल सरकतं, आणि एक कौल सरकलं की पावसाला दार सापडलं. खालून बघणाऱ्याला काय दिसतं? भिंतीवर एक हिरवा ओघळ. तेवढाच. वडिलांच्या हाताखालचा गडी अथणीकडचा होता, तो असा ओघळ दिसला की लगेच म्हणायचा, "नीर सोरतद री," पाणी गळतंय हो, आणि त्याच दिवशी वर चढायचा. हा ओघळ मी पंधरा वर्षं बघतोय. पन्हळ साफ करायला दोन माणसांची एका दिवसाची मजुरी लागली असती. ती तुम्ही वाचवलीत. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात. इथं वासे शेवटपर्यंत धरून होते, घरच फिरलं.

मधे दुरुस्ती झाली नाही असं नाही. झाली, आणि तीच जास्त भोवली. भिंती जांभ्याच्या, गिलावा चुन्याचा. जांभा पाणी पितो आणि उन्हाळ्यात सोडतो, चुना त्याला ते करू देतो. तुम्ही चुना खरवडून सिमेंट थापलंत आणि वर ऑइलपेंट. भिंतीला रेनकोट घालून आत अंघोळ घातल्यासारखं झालं ते. शिवाय जिन्यावरच्या भिंतीवर चार प्लॅस्टिकच्या टाक्या, हजार हजार लिटरच्या. मी टाक्या विकतो, हिशेब मला पाठ आहे: हजार लिटर पाणी म्हणजे एक टन. चार टन वजन अशा भिंतीवर, जिने आजवर कौलांपलीकडे काही उचललेलं नव्हतं. ह्या टाक्या माझ्या दुकानातून गेल्या नाहीत, पण माझ्याकडे आले असते तर मी विचारलं असतं का, कुठं ठेवणार म्हणून? नसतं विचारलं बहुतेक.

कारभाऱ्यांना एकच विचारतो. कागद लावण्याआधी आत कोण गेलं होतं? मोठ्या दाराला कुलूप आहे. कुलपाच्या भोकावर कोळ्याचं जाळं आहे, ते कागद लागला त्या दिवशी सकाळीही होतं, संध्याकाळीही होतं. मागचं दार विटांनी बुजवलेलं. म्हणजे तपासणी रस्त्यावरून झाली. रस्त्यावरून दिसतो तो ओघळ आणि तो सज्जा. सज्जा नंतर जोडलेला आहे, तो उतरवा, मी स्वतः टाळ्या वाजवीन. पण त्याच्यावरून आतल्या, छप्पर पेलणाऱ्या सागाच्या कैच्यांचा निकाल कसा लागतो?

रात्रीच्या वेळी आतून सामान बाहेर पडतं, हे शेजारच्या सगळ्या दुकानदारांना माहीत आहे. आरसे गेले, जेवणघरातलं शिसवी कपाट गेलं, गेल्या महिन्यात जिन्याच्या कठड्याचे दोन खांब गेले. कोण नेतं ते मी विचारत नाही.

आणि आता आम्हा सगळ्यांची तक्रार, माझ्यासकट. ह्या हॉटेलच्या पाटीवरून किती वेळा भांडणं झाली आठवा. मराठी वर का, कन्नड खाली का. 2014 ला बेळगावचं बेळगावी झालं तेव्हा पुन्हा. आता पाटीवर साठ टक्के कन्नड हवं असा नियम आला, तेव्हा हॉटेल बंद पडून किती वर्षं झाली होती, तरी कोणीतरी बंद हॉटेलची पाटी मोजून गेलं. आमच्या बाजूची पोरंही कमी नव्हती, त्यांनी रात्री जाऊन पाटी धुतली. शिड्या दोन्हीकडून लागल्या. दोन्ही वेळा शिडीचं टोक पन्हळीपासून हातभर अंतरावर टेकलेलं होतं. कोणी हात घालून पाला काढला नाही. मी खाली उभा राहून बघत होतो, मीही कोणाला सांगितलं नाही.

इमारती पाडून आपलं भलं झालं, असं आपल्या गावाने एकदा तरी सिद्ध केलंय का? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली इथं सायकलचं दुकान काढलं, मग कारखाना काढला. नव्या वस्तीच्या आखणीत जागा हवी म्हणून त्या वेळच्या नगरपालिकेने त्यांना उठवलं. 1910 ला ते औंध संस्थानात गेले, तिथं किर्लोस्करवाडी झाली. आपल्याकडं काय उरलं? किर्लोस्कर रोड. त्यावरून गाडी लावायला जागा शोधत आपण फिरतो.

मुंबईचं उदाहरण तर हॉटेलचंच आहे. काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, बिडाचा सांगाडा विलायतेत ओतून जहाजाने आणलेला, 1896 च्या जुलैत हिंदुस्थानातला पहिला सिनेमा तिथं दाखवला. हॉटेल बंद पडल्यावर आत खोल्यांच्या खोल्या पाडून ऑफिसं झाली, ज्याला वाटेल तो माळा घालत गेला, 2005 मध्ये एक भाग कोसळला, 2019 मध्ये सगळ्यांना बाहेर काढावं लागलं. लोखंडाची ती गत, तर आपला साग आणि जांभा. उलट म्हैसूरला जाऊन या. महाराजांनी 1920 मध्ये गोऱ्या पाहुण्यांसाठी बांधलेलं मेट्रोपोल आजही हॉटेल म्हणून चालतंय. कौलं आहेत, व्हरांडे आहेत, लोक पैसे मोजून राहतात. आपल्याच राज्यात आहे ते, लांब नाही.

मालक मंडळींनो, तुमची अडचण मला कळत नाही असं समजू नका. हायवेवर हॉटेलं झाली, गाडी ब्रॉड गेज झाली, रात्रीचा मुक्काम संपला, भाड्यात लाइटबिल निघेना. बारा वारस, बाजारातली कोपऱ्याची जागा. मी तुमच्या जागी असतो तर मीही बिल्डरला चहा पाजला असता. अख्खी इमारत म्युझियम करा असं मी म्हणत नाही. म्युझियमला आपले लोक जात नाहीत, सहल आली तरच.

मागणं एवढंच आहे. रोहिणी लागायच्या आत पन्हळ साफ करा, पिंपळ मुळासकट काढा आणि उघड्या भागावर ताडपत्री टाका. केस चालू असली तरी ताडपत्रीला कोर्ट नाही म्हणणार नाही. टाक्या आजच रिकाम्या करा. चुना आणि लाकूड कळणारा इंजिनिअर आत पाठवा, त्याने वाशांची टोकं सुरी खुपसून तपासावीत, आणि त्याचा अहवाल कन्नड आणि मराठी दोन्हीत त्याच दारावर लावा, त्याच कडीच्या वर. तो म्हणाला पाडा, तर मी गप्प बसेन. तो म्हणाला पुढचा भाग टिकतो, तर पुढच्या दोन खणांपर्यंतची इमारत, व्हरांडा आणि जिना ठेवून मागे काय बांधायचं ते बांधा, आणि कारभाऱ्यांनी त्यासाठी मालकांना परवानगीत सवलत द्यावी, नुसता उपदेश देऊ नये. काहीही ठरलं तरी हात लावण्याआधी मोजमापं घ्या, नकाशे काढा, फोटो काढा. इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं हे काम फुकट करतील, फक्त चावी द्या. आणि ती रजिस्टरं, कपाटासकट, सार्वजनिक वाचनालयात पोचवा. रद्दीवाल्याला किलोवर देऊ नका. कुणाच्या तरी आजोबांची सही आहे त्यात.

माझ्याकडून काय, तेही सांगतो. कुलूप उघडा, शिडी मी आणतो. गुडघे माझे गेलेत, मी वर चढू शकणार नाही, पण माझा मुलगा चढेल आणि पाय कुठं द्यायचा ते मी खालून सांगेन. पन्हळीची मजुरी माझ्याकडे लागली. कौलं विकत घ्यायची गरज नाही. वडिलांनी दरवर्षी हॉटेलच्या हिशेबातून थोडी जास्तीची घेऊन आमच्या परसात रचून ठेवली होती, फुटक्यांच्या बदली म्हणून. पैसे हॉटेलचे, म्हणजे माल तुमचाच आहे. हे पत्र लिहायच्या आधी मागे जाऊन मोजली. दोनशे बारा होती. दोन तडकलेली निघाली.

आपला,
शाकारणीवाल्याचा मुलगा
शहापूर, बेळगाव